शंभरी ओलांडलेला वेल

आमच्या घरात बाटली म्हटली की ती रॉकेलची, फिनेलची, नाही तर काकूंच्या गुडघ्यांना चोळायच्या तेलाची. चौथ्या बाटलीला उंबरठ्याच्या आत मज्जाव होता. त्याला कारणही तसेच होते. माझे थोरले काका देशी दारूच्या पायी गेले. ते जाण्याआधी विहिरीखालची तीन एकर जमीन गेली, मग बैलजोडी गेली, मग काकूंच्या गळ्यातली डोरली गहाण पडली ती परत आलीच नाहीत. मी तेव्हा सातवीत होते. काकांना ओट्यावरून उचलून आत आणायचे काम माझ्या वडिलांचे, आणि मागे राहिलेल्या घाणीवर पाणी ओतायचे काम माझे. तो वास पन्नास वर्षांनंतरही माझ्या नाकातून गेलेला नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण २०२४ च्या मार्चमध्ये मी, म्हणजे निफाड तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका, वय वर्षे चौसष्ट, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसा नावाच्या खोऱ्यात एका लाकडी टेबलाशी वाइनचा पेला हातात धरून उभी होते. आणि हे काही मी चोरून करीत नव्हते. धाकट्या भावाने तसे बजावूनच मला पाठवले होते.

भावाची गोष्ट अशी. आमची पिढीजात शेती द्राक्षांची. वडिलांच्या काळात भोकरी होती, पुढे अनाब-ए-शाही आली, मग सगळ्यांबरोबर आम्हीही थॉमसन सीडलेसच्या मागे लागलो. २००६ साली नाशिक जिल्ह्यात वाइनचे वारे जोरात होते. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, त्यानंतर पाचसहा वर्षांत वाइनची द्राक्षे लावा, खरेदीची हमी, एकदा करार केला की बाजारभावाची कटकट नाही, असे जो तो सांगू लागला. भावाने एका कंपनीशी करार केला आणि दोन एकरांत शिराझ लावली. काकूंनी चार दिवस त्याच्याशी अबोला धरला. "ज्यानं घर बुडालं तेच शेतात लावतोस?" एवढे एकच वाक्य त्या बोलल्या. भाऊ म्हणाला, "काकू, मी द्राक्षं विकतो. पुढं त्याचं कोण काय करतं ते माझ्या हातात नाही."

पहिली दोन पिके गेली. मग जगभरात मंदी आली, वाइनचा उठाव घटला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि तिसऱ्या वर्षी कंपनीची गाडी आलीच नाही. शिराझचे द्राक्ष बोराच्या बीएवढे, काळेभोर, जाड सालीचे आणि बियांचे. खायच्या द्राक्षांच्या बाजारात त्याला कुत्रे विचारीत नाही. भावाने काही माल गुरांना घातला, बाकीचा बांधावर कुजला. २०१० च्या एप्रिलमध्ये, जेव्हा खरड छाटणी करायची, तेव्हा त्याने छाटणीची कात्री न उचलता सरळ जेसीबी बोलावला. चार वर्षांचे वेल मुळासकट निघाले. असे करणारा तो एकटा नव्हता. त्या एक-दोन वर्षांत जिल्ह्यात पुष्कळांनी तेच केले.

गंमत म्हणा की दुर्दैव, ज्या द्राक्षासाठी त्याने कर्ज काढले, रात्री जागवल्या, त्याची वाइन कशी लागते हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून लेकीने मला ॲडलेडला बोलावले आणि तिथून तासाभरावर शिराझचे सर्वांत जुने मळे आहेत असे बोलता बोलता निघाले, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, तू ते चाखून ये बरं. आपण काय उपटलं ते तर समजू दे."

आता ऑस्ट्रेलियात शिरताना विमानात एक कार्ड भरावे लागते. त्यात एक प्रश्न असतो, गेल्या तीस दिवसांत शेतीशी संबंध आला होता का? मी आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवले. मी 'हो' वर खूण केली. परिणामी विमानतळावर माझ्या चपला एका अधिकाऱ्याच्या हातात गेल्या. त्याने त्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या, तळव्यांच्या खाचांतून निफाडची काळी माती आहे का ते तपासले आणि स्वच्छ आहेत म्हणून अदबीने परत दिल्या. मला वाटले, हा तर आपल्या सोवळ्याओवळ्यावर कडी करणारा देश. पण चार दिवसांनी बरोसात त्याचा अर्थ कळला.

बरोसा ॲडलेडच्या ईशान्येला सुमारे सत्तर किलोमीटरवर. टनुंडा, नुरीऊटपा, अँगस्टन ही तिथली मुख्य गावे. रस्ता सोनेरी वाळक्या गवताच्या टेकड्यांतून जातो, मधूनच निलगिरीची प्रचंड झाडे, आणि मग एकदम द्राक्षांच्या ओळी सुरू होतात. गावागावांत चर्चचे टोकदार मनोरे. हे खोरे वसवणारे सगळेच लोक इंग्रज नव्हते. १८४० च्या दशकात प्रशियातल्या सायलेशिया भागातले ल्यूथरपंथी शेतकरी, आपल्या राजाने लादलेली प्रार्थनापद्धती मान्य नाही म्हणून घरदार सोडून इथे आले. गहू पेरला, फळझाडे लावली आणि द्राक्षेही लावली. पहिल्या महायुद्धात याच लोकांकडे संशयाने पाहिले गेले. १९१७ साली कायदा करून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ६९ गावांची आणि ठिकाणांची जर्मन नावे पुसली गेली. त्यांतली काही पुढे परत आली. वेलांना मात्र कोणी नाव विचारले नाही, ते जागच्या जागी राहिले.

लेकीच्या ओळखीतल्या एका छोट्या मळेवाल्याकडे आम्ही गेलो. सत्तरीपुढचे गृहस्थ, उन्हाने रापलेला चेहरा, हाताला आपल्याकडच्या बागाईतदारांसारखेच काळे डाग. घराण्यातली सहावी पिढी. मी द्राक्षवाल्यांची मुलगी आहे असे लेकीने सांगताच त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच नजर माझ्या पायांकडे गेली. त्यांनी आतून रबरी बूट आणले, एका पसरट भांड्यातल्या औषधी पाण्यात बुडवले आणि मला घालायला दिले. माझ्या चपला गाडीतच राहिल्या.

कारण आहे फायलॉक्सेरा. डोळ्यांना जेमतेम दिसणारी ही कीड द्राक्षवेलाच्या मुळांवर बसते आणि वेल मरतो. १८६० च्या दशकात ती अमेरिकेतून फ्रान्समध्ये शिरली आणि पुढच्या काही दशकांत युरोपातले बहुतेक मळे तिने आडवे केले. इलाज एकच निघाला. अमेरिकन वेलाच्या खुंटावर युरोपीय द्राक्षाचे कलम करायचे, कारण अमेरिकन मुळांना ही कीड सोसते. आपण महाराष्ट्रात डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो ते मुख्यतः क्षारांसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी. तिकडे ते जिवावरच्या दुखण्यासाठी. ऑस्ट्रेलियातही १८७७ साली शेजारच्या व्हिक्टोरिया प्रांतात ही कीड सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने मात्र वेळीच दारे लावून घेतली. १८९९ साली त्यासाठी वेगळा कायदा झाला, बाहेरून वेलाचे रोप किंवा काडी आणायला बंदी आली, आणि आजवर ती कीड त्या प्रांतात शिरलेली नाही. म्हणून युरोपात क्वचितच सापडतील इतके जुने, स्वतःच्याच मुळांवर उभे असलेले वेल बरोसात आहेत. टनुंड्याच्या लँगमाइल मळ्यात १८४३ साली लावलेली शिराझ आजही फळ देते. जवळच्या ईडन व्हॅलीत हेन्श्की घराण्याचा 'हिल ऑफ ग्रेस' हा चर्चसमोरचा मळा आहे, तिथले सर्वांत जुने वेल १८६० च्या सुमाराचे. एका पाहुणीच्या चपलेची एवढी धास्ती कशाला, हे मला तेव्हा उमगले.

वेल पाहून मात्र मी थबकले. आपल्याकडे मांडव असतो किंवा वाय आकाराचे लोखंडी अँगल. तारांवर वेल पसरलेला, खाली वाकून चालायचे. इथे ना तार, ना मांडव. कमरेइतका उंच, पिळवटलेला, काळपट खोडाचा एकेक वेल स्वतंत्र उभा. कुठे खोड मधोमध चिरून दोन झालेले, कुठे पोकळ, आत हात जाईल एवढे. जुन्या वडाच्या पारंब्या एकमेकींत गुंतून घट्ट व्हाव्यात तसा त्यांचा पीळ. आणि त्या ओबडधोबड खोडांवर हिरवीगार पाने नि मुठीएवढे घोस. मला आमच्या काकूंचे हात आठवले.

मार्च हा तिथला सुगीचा महिना. आपल्याकडेही मार्चच, पण आपला उन्हाळा तोंडावर आलेला आणि त्यांचा सरलेला. तोड चालू होती. मी विचारले, हे वेल किती वर्षांचे? गृहस्थ म्हणाले, एकशे वीसच्या पुढचे. बरोसात जुन्या वेलांची प्रतवारी ठरलेली आहे, २००९ साली त्यांनी तशी सनदच केली. पस्तीस वर्षांचा वेल 'जुना', सत्तरचा 'तगलेला', शंभरचा 'शतायुषी' आणि सव्वाशेच्या पुढचा 'पूर्वज'. आमच्याकडे पंधरा वर्षांची बाग म्हातारी म्हणून काढायला घेतात. हे मी सांगितले तेव्हा त्यांना खोटे वाटले.

मला राहवेना. मी व्हॉट्सॲपवरून भावाला फोन लावला. तिकडे सकाळचे दहा वाजले होते, तो तोडीच्या गडबडीत होता. कॅमेऱ्यातून त्याला खोड दाखवले. क्षणभर तो काही बोललाच नाही. मग शेतकऱ्याचे प्रश्न सुरू झाले.

"पाणी कसं देतात?"

मी विचारून सांगितले, "पावसाचंच. मुळं खोल गेलीत."

"उतारा?"

"एकरी टन, फार तर दीड टन."

भाऊ हसला. आमच्याकडे थॉमसन एकरी दहा टन निघाली नाही तर वर्ष वाया गेले म्हणतात. "मग परवडतं कसं त्यांना?"

हा प्रश्न मी लेकीकरवी त्या गृहस्थांना विचारला. ते टोपी काढून डोके खाजवत म्हणाले, "फार वर्षं परवडत नव्हतं."

मग त्यांनी जे सांगितले ते ऐकताना माझ्या हातातला फोन तसाच चालू होता आणि भाऊ तिकडे बांधावर उभा राहून ऐकत होता. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात सगळ्यांना पांढरी वाइन हवी झाली. शिराझला भाव उरला नाही. द्राक्षे वेलावरच सुकू लागली. तेव्हा सरकारनेच योजना काढली, वेल उपटा आणि एकरामागे पैसे घ्या. जुने वेल कमी फळ देणारे, म्हणून आधी त्यांच्यावरच कुऱ्हाड आली. शंभर शंभर वर्षांचे मळे त्या दोनतीन वर्षांत नाहीसे झाले. या गृहस्थांच्या वडिलांनीही रस्त्याकडेचा अर्धा मळा काढला. मागचा अर्धा पुढच्या वर्षी काढायचा होता. पण दरम्यान त्या भागातल्या काही हट्टी माणसांनी, ज्यांत पीटर लेमन यांचे नाव तिथे आदराने घेतात, शेतकऱ्यांची द्राक्षे विकत घेणे थांबवले नाही. आणि काही नव्या, लहान वाइन करणाऱ्यांनी जुन्या वेलांच्या फळाला जास्त भाव द्यायला सुरुवात केली. मागचा अर्धा मळा वाचला तो असा, एका हंगामाच्या अंतराने.

"वडिलांचा राग येतो का?" मी विचारले.

"नाही," ते म्हणाले. "त्या साली घरात पैसा नव्हता. त्या पैशातून छप्पर झालं. ज्याच्या घरात पैसा नसतो, त्यानं पुढची शंभर वर्षं कशी पाहायची?"

लेकीने याचे मराठी करून सांगितले. फोनवर बराच वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग भाऊ म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक आलंय, ठेवतो."

यानंतर आम्ही आत गेलो. दगडी भिंतींची जुनी कोठी, आत पाय टाकताच जो दरवळ आला तो मला ओळखीचा वाटला, पण काकांचा तो वास नव्हता. गुऱ्हाळात काकवी उकळताना येतो तसा. गोड, गरम, थोडा आंबूस. उघड्या हौदांत काळी द्राक्षे सालींसकट आंबत होती. लाल वाइनला रंग येतो तो सालींतून. द्राक्षाचा रस पांढुरकाच असतो. आंबताना साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो, तो दिवसातून दोनतीनदा रसात दाबावा लागतो, नाही तर रंग नि तुरटपणा उतरत नाही. साखरेचा मद्यार्क होऊन संपला की साली पिळून काढायच्या आणि वाइन ओकच्या पिंपांत ठेवायची, वर्ष-दीड वर्ष, कधी जास्त.

टेबलावर तीन पेले आले. आणि एक बादली. मी बादलीकडे पाहताच गृहस्थांनी खुलासा केला की चाखणारे लोक वाइन पीत नाहीत, तोंडात घोळवतात आणि टाकून देतात. दिवसाला पन्नास-साठ वाइन चाखायच्या असतील तर दुसरा मार्गच नाही. म्हणजे चूळच भरायची! माझ्या जिवावरचे ओझे उतरले. आमच्याकडे चूळ भरण्याला कोणाची हरकत नाही.

पहिला पेला गेल्या वर्षीच्या द्राक्षांचा, अजून पिंपातलाच. रंग जांभळा, इतका गडद की पेल्यापलीकडचे बोट दिसेना. वास घेतला, पिकलेल्या जांभळांचा आणि ताज्या कुटलेल्या मिऱ्यांचा. मिऱ्यांचा भास माझ्या स्वयंपाकघरी नाकाचा खेळ असेल म्हणून मी गप्प बसले, पण गृहस्थ स्वतःच म्हणाले, मिरी! आणि तो भास नव्हे. शिराझच्या सालीत रोटुंडोन नावाचे द्रव्य असते. २००८ साली ॲडलेडच्या वाइन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की मिऱ्याचा वास ज्याने येतो तेच हे द्रव्य. तोंडात घेतली आणि जीभ, हिरड्या, गाल सगळे आवळून आले. कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी खरखरीत होते, तशी. मी चूळ टाकली. प्रामाणिकपणे सांगायचे तर लोक यासाठी पैसे मोजतात याचे मला नवल वाटले.

दुसरा पेला सहा वर्षांचा. तुरटपणा होता, पण आता तो बसून बोलत होता. जांभूळ होतेच, त्यात काळ्या गुळाची ढेप, लवंग-दालचिनी आणि मागून ज्येष्ठमध. ओकच्या लाकडाचा किंचित नारळासारखा वास. अमेरिकन ओकच्या पिंपांतून तो येतो म्हणे. जड, भरघोस, दिवाळीतल्या अनारशासारखी तोंड भरून टाकणारी चव. यातही साडेचौदा टक्के मद्यार्क होता. मी चूळ टाकली, पण या वेळी जरा उशिरा.

तिसरी बाटली २००२ ची, सकाळीच उभी करून ठेवलेली. तळाला गाळ साचला होता, म्हणून गृहस्थांनी ती दिव्यासमोर धरून, श्वास रोखून काचेच्या सुरईत ओतली. ओतता ओतता सांगितले की जुन्या वेलांच्या या वाइनची खरी परीक्षा वय आल्यावर होते. ऑस्ट्रेलियातली सर्वांत नावाजलेली वाइन ग्रेंज. पेनफोल्ड्सच्या मॅक्स शुबर्ट यांनी १९५१ साली ती प्रथम केली, वीस वीस वर्षे टिकावी म्हणून शिराझपासून मुद्दाम केली. कोवळेपणी ती कोणालाच आवडली नाही. १९५७ साली वरिष्ठांनी ती बंद करण्याचा हुकूम दिला. शुबर्ट तीन वर्षे चोरून करीत राहिले. तोवर पहिल्या बाटल्यांना वय आले, चाखणाऱ्यांची मते बदलली आणि १९६० साली ती करायला पुन्हा अधिकृत परवानगी मिळाली. वाइन तीच होती; फक्त थांबण्याचा धीर हवा होता.

तिसऱ्या पेल्याचा रंग जांभळा राहिला नव्हता. कडेने विटेसारखा तांबूस झाला होता. तुरटपणा आणणारी द्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि काही गाळ होऊन तळाला बसतात. रंगही त्यांच्याबरोबर फिका होतो. वास जांभळाचा नव्हे, जांभूळ वाळवून डब्यात ठेवले असते आणि तो डबा वर्षांनी उघडला असता तर येईल तसा. सुके अंजीर. चामड्याच्या जुन्या पाकिटाचा, वडिलांच्या तंबाखूच्या बटव्याचा. पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या शेताचा. तोंडात घेतली तर ती आवळत नव्हती. नुसती पसरत गेली. गेल्यावरही बराच वेळ गेली नाही.

बादली समोर होती. लेक माझ्याकडे पाहत होती. तो घोट मी टाकला नाही.

यावरून कोणी माझी समजूत बदलली असे म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे की मद्याचे निर्धोक असे प्रमाणच नाही. आणि ते सांगायला मला कोणत्या संघटनेची गरजही नाही. मी ओट्यावर पाणी ओतलेले आहे. बाटली शंभर वर्षांच्या वेलाची असली काय आणि गावठी असली काय, घर बुडवायला दोन्ही पुरतात. पण काकांनी आयुष्यात कधी काही चाखले होते का, असा प्रश्न मला त्या क्षणी पडला. ते जिभेवरून काहीतरी लवकरात लवकर पुढे ढकलत होते. मी एक घोट घेतला आणि त्यात एक माती, एक पाऊस, २००२ चा एक उन्हाळा आणि सहा पिढ्यांचे राबणे होते. पेल्यात उरलेली वाइन मी बादलीत ओतली. गृहस्थांना वाईट वाटले नाही. त्यांनी मान डोलावली.

एप्रिलमध्ये मी परत आले तेव्हा खरड छाटणी चालू होती. भावाने आल्या आल्या विचारले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बांधावर बसलो असताना म्हणाला, "मग? काय उपटलं आपण?"

विमानात मी या उत्तराची तयारी केली होती. शिराझ हे नाव इराणमधल्या शिराझ शहरावरून आले अशी दंतकथा आहे, पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस झालेल्या जनुकीय तपासणीत तिचे आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्समधले निघाले. द्राक्ष बियांपासून नव्हे, काडीपासून वाढवतात; काडीची काडी, तिची पुन्हा काडी. म्हणजे आमच्या दोन एकरांतली शिराझ आणि ते शंभरी ओलांडलेले वेल एकाच मूळ वेलाचे तुकडे. हे सगळे सांगितले असते तर त्याला अधिकच लागले असते. आणि ते पुरते खरेही नव्हते. तिकडे वेल थंडीत पाने गाळून चार महिने झोपतो. आपल्या उष्ण मुलखात त्याला झोप नाही. आपण वर्षातून दोनदा छाटतो, औषध लावून डोळे फोडतो, फळ मागतो. आपला वेल शंभर वर्षे जगला असता की नाही, कोण सांगणार?

म्हणून मी एवढेच म्हणाले, "आपण चार वर्षांचं पोर उपटलं. ते पुढं कसं निघालं असतं हे तुला नि मला कोणालाच कळलं नसतं. आणि त्या साली घरात पैसा नव्हता."

"ते म्हातारेबुवा म्हणाले तसं," भाऊ म्हणाला.

"तसंच."

तो उठला आणि मला विहिरीकडे घेऊन गेला. मागच्या कठड्याला लागून, जिथे जेसीबी वळत नव्हता, तिथे शेवग्याच्या झाडावर एक वेल चढलेला होता. जाड सालीची बारीक काळी द्राक्षे केव्हाच पाखरांनी खाऊन टाकली होती. चौदा वर्षे त्याने हा वेल राखला होता आणि घरात कोणाला सांगितले नव्हते. "याला एकदाच छाटतो," तो म्हणाला. "डिसेंबरात. पाणीबिणी काही देत नाही. बघू." वयाने तो अठरा वर्षांचा झाला होता. बरोसाच्या हिशेबाने 'जुना' म्हणवून घ्यायला अजून सतरा वर्षे हवीत. तेव्हा भाऊ सत्तरीच्या मध्यावर असेल. मी हिशेब मनातच ठेवला.

घरी आलो तेव्हा काकू जपमाळ घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. वय शहाऐंशी, कान अजून तिखट. लेकीने फोनवर त्यांना सगळे सांगून टाकले होते, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटले आता अबोला. पण त्यांनी माळ बाजूला ठेवली आणि विचारले, "कशी लागली गं?"

खोटे बोलण्याचे माझे वय नव्हते. मी म्हणाले, "जांभळासारखी. जुन्या, वाळवलेल्या जांभळासारखी."

काकूंनी क्षणभर विचार केला. "मग जांभळंच खायची होतीस की," त्या म्हणाल्या. "त्याला एवढ्या लांब कशाला जायचं?"

आणि पुन्हा माळ हातात घेतली.